दोन माणसांची गाडी

बसा. आधी चहा घ्या, मग बॉनेट उघडू.
एम.जी. आहे, चौपन्नची.
महूच्या एका कॅप्टनकडून काकाने घेतली,
रोखीत की रमीत,
हे घरात कुणी विचारलं नाही.

हिरवा रंग मूळचा नव्हे.
मूळचा डॅशबोर्डाखाली, वाकून बघा, नखाएवढा.
टप डावीकडून लागत नाही.
नत्थू मिस्त्री म्हणायचा,
"बाईजी, भगाती चलो, रुकोगी तो भीगोगी."
खरं आहे. साठच्या पुढे
पाणी डोक्यावरून जातं, अंगावर येत नाही.

ॲव्हरेज?
पलासिया ते कॉलेज, कॉलेज ते पलासिया,
एकतीस वर्षं.
भागाकार तुम्ही करा, मी गणितच शिकवायचे.

शेजारच्या सीटवर पेपरांचे गठ्ठे बसले,
सराफ्यातला गरम गराडू बसला, मांडीवर घ्यायला कुणी नाही म्हणून,
आणि एकदा, देवासच्या टेकडीपर्यंत…
ते असू द्या.
तिथली स्प्रिंग जरा दबली आहे, एवढंच लिहून घ्या.

वरातीसाठी हवी?
भाड्याने फिरवणार, बरं.
घोडीपेक्षा कमी लाजते ही.
फक्त बॉनेटवर झेंडू चिकटवू नका, करपतो.

साडेनऊ लाख. त्यात घासाघीस नको.
किल्ली फिरवलीत की थांबायचं.
मागे पेट्रोलचा पंप टकटक करतो,
दार वाजवल्यासारखा.
टकटक थांबली की मगच बटण ओढा.
घाई केलीत तरी सुरू होईल,
पण मला इथपर्यंत ऐकू येईल.