जाहीर करण्यासारखं काही

जवळजवळ तीन हजार मीटरवर, सीमेच्या चौकीत
पाटी होती : फळं पलीकडे नेण्यास मनाई.
सुलेमाच्या पिशवीत दोन किलो जर्दाळू,
घरच्या झाडाचे, आदल्या संध्याकाळी काढलेले.
फेकायचे?
फेकेल माझी सवत, मिर्ता म्हणाली,
आणि आम्ही चौघी रांगेत उभ्या उभ्या खात सुटलो.
मागच्या पोराला दिले, ड्रायव्हरला दिले,
रस कोपरापर्यंत ओघळला.
आठळ्या लाल डब्यात.
हुंगणारा कुत्रा आला,
ओफेलियाच्या बुटांपाशी जरा घुटमळला,
पुढे गेला.
जाहीर करण्यासारखं काही? साहेबाने विचारलं.
नेलिदाने मान हलवली. नुसतीच.
एकवीस वर्षं बाटल्यांच्या पट्ट्यावर
जी यंत्राच्या वरताण बोलत आली, ती नेलिदा.

घाटाची सगळी वळणं उतरेपर्यंत ती गप्प होती.
मग गालातली आठळी रुमालात काढून म्हणाली,
हं, तर मी काय सांगत होते —

कारखाना नोव्हेंबरात बंद झाला.
हातात ठेवलेल्या पैशांतून
शहाण्या बायकांनी छपरं शाकारली.
आम्ही तीन दिवस वाल्पाराइसोला निघालो.

इथे रस्ते नाहीतच, जिने आहेत,
आणि जिन्यांना कंटाळा आला की तिरकी लिफ्ट.
घरं पत्र्याची : पिवळी, निळी, गाजरी.
बोटी रंगवून उरलेला रंग, घरमालकीण एर्मिंदा म्हणाली.
भाषा आमचीच,
पण ही माणसं शब्दांची शेपटं गिळून बोलतात.
‘आत्ता आणतो’ म्हणालेला वेटर
पाऊण तासाने आला.
बाटली टेबलावर ठेवली
तसा सुलेमाचा अंगठा आपोआप लेबलावरून फिरला.
सरळ चिकटवलंय, ती म्हणाली,
शत्रूची तारीफ करावी तसं.

घरी डोंगर म्हणजे मावळत.
त्या अंदाजाने आम्ही कपडे वाळत घालतो,
पाव्हण्याला वाट सांगतो.
इथे डोंगर उगवतीला.
दोन दिवस मी प्रत्येक वळणावर चुकले,
आणि बाकीच्या तिघी माझ्यामागे.

तिसऱ्या सकाळी हवा धुतल्यासारखी.
लिफ्टच्या माथ्यावरचा तिकीटवाला, ओनोफ्रे नावाचा,
म्हणाला, तिकडे बघा. दिसतोय? आमचा आकोंकाग्वा.
दूर, सगळ्या डोंगरांच्या मागे, एक पांढरा दात.
आमचा म्हणजे? मिर्ताने पदर नसताना खोचला.
तो आमच्या प्रांतात आहे. कागद बघा.
कागदावर असेल बाई,
सकाळचा चहा तो माझ्याबरोबर घेतो.
तुम्हाला दिसते ती त्याची पाठ!
ओनोफ्रे खरंच विचारात पडला.
म्हणजे चाळीस वर्षं मी याच्या पाठीला
राम राम घालतोय?
आत लिफ्टमध्ये सहा माणसं खोळंबली होती,
एकाच्या हातात माशांची टोपली.
कुणी ओरडलं. तो हलला नाही.
आम्हीही नाही.
मला तर वाटलं, पाठ आपल्यालाच दिसत असली तर?

ओफेलियाने फोटो काढला.
मार्चमध्ये ती लेकीकडे नेउकेनला जाणार, कायमची.
तिकडून नसेल दिसत, ती म्हणाली,
फोनकडे बघत.

निघताना नेलिदाने रुमाल सोडला
आणि एर्मिंदाच्या जिरेनियमच्या कुंडीत
आठळी अंगठ्याने आत दाबली.
जर्दाळूला कडक थंडी लागते, सुलेमा म्हणाली,
इथे नाही धरायचं.
माहीत आहे, नेलिदा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये अंधार पडेपर्यंत ती बोलत होती :
भाचीचं लग्न, गुडघा, सुपरवायझरचा टोप,
पुन्हा भाचीचं लग्न.
एरवी मिर्ता म्हणते, बाई, जरा श्वास घे.
या वेळी ती शेजारी बसून
फक्त हं, हं करत राहिली,
आणि नेलिदा थांबली की विचारायची,
मग?