सावनी आणि शेणी

लेबलवर नावं फ्रेंच आहेत.
प्लॉटवर ती कुणी घेत नाही.
सोविन्यों ब्लाँची झाली सावनी
आणि शेनिन ब्लाँची, काय करणार, शेणी.
पुण्याचे पाहुणे आले की जबीन शिकलगार
पदर तोंडाला लावून विचारते,
"सायेब, शेणीची बाटली केवढ्याला?"

पलूसच्या पुढं, माळाच्या उताराला
चार टाक्या, एक प्रेस आणि मी,
पद्मण्णा चौगुल्यांचा धाकटा, बी.एस्सी. केमिस्ट्री.
आजवर एक घोट गिळलेला नाही.
हुंगतो, जिभेवर घोळवतो, थुंकतो.
जबीन तर थुंकायलासुद्धा घेत नाही.
आणि तोड कधी, हे ठरवणार
आम्हीच दोघं.

अण्णांची सावळजला सोनाका आहे,
लांब मणी, बिनबियांचे, कागदात निजणारे.
एकदा आले, इथला घड हातावर तोलला,
म्हणाले, वाटाण्याएवढं फळ, त्यात दोन बिया,
हे पेटीत भरणार कोण?
मग एक मणी खाल्ला.
मग दुसरा.
आणि न बोलता मोटारसायकलला किक मारली.

सावनीचा घड मुठीत मावतो.
मणी फोडला की आधी कापलेलं कडवळ,
मग ढोबळी मिरचीचा मोडलेला देठ,
आणि अगदी मागं, लाजत, कैरी.
उन्हं चढली की हे सगळं उडून जातं,
म्हणून तिची तोड पहाटे चारला,
कपाळाला बॅटरी बांधून.

शेणी लेकुरवाळी. वेल वाकेपर्यंत धरते.
मणी असे दाटीनं, की घडात वारा शिरत नाही.
पेरूचा वास, थांबलात तर मधाचा,
आणि आंबटपणा शेवटपर्यंत पदराला बांधलेला.
कितीही उशिरा जा, ती घरी असते.
फक्त पाऊस सोसत नाही तिला;
एक सर, आणि आतून बुरशी.

फेब्रुवारीत मोबाइलवर ढग आले.
शनिवारी गारा, असं लिहिलेलं.
पंधरा बायका, एक प्रेस,
मालक फोनवर: आधी कुठली?
माझ्या काचेत सावनी एकवीस, शेणी वीस.
जबीननं सावनीचं बी चावलं,
तळहातावर घेऊन दाखवलं. तपकिरी.
"ही आज म्हणतीया. तिचं बी अजून हिरवं हाय."
मी आभाळाकडं बघितलं.
आभाळात काही नव्हतं, मोबाइलमध्ये होतं.
म्हटलं, शेणी.

बारा टन. प्रेस तीन दिवस धापा टाकत होती.
शनिवार आला, कोरडा.
रविवारी तासगावच्या पलीकडं कुठं चार थेंब पडले म्हणे.
सोमवारी सावनीत शिरलो
तेव्हा काचेत तेवीस,
आणि मणी नुसता गोड,
खाऊच्या द्राक्षासारखा शहाणा.

जूनमध्ये दोन्ही ग्लास पुढ्यात घेतले.
शेणी थोडी करकरीत, थोडी हट्टी, पण बरी.
सावनीचा रंग नीट, अल्कोहोल नीट, कागदावर सगळं नीट;
दार ठोठवावं, आत रेडिओ चालू असावा
आणि घरात माणूस नसावं, तशी.
मालक म्हणाले, छान, सॉफ्ट आहे, लोकांना आवडंल.
आवडलीही लोकांना. सगळी खपली.
जबीननं विचारलं नाही काही,
कॅरेट धुवत राहिली.

त्या संध्याकाळी घरी गेलो.
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची
म्हणून आई घाईनं मिरच्या चिरत होती, ढोबळ्या.
कटकन् देठ मोडला.
मी उंबऱ्यातच थांबलो, एक चप्पल पायात, एक हातात.
"काय रं, काय झालं?"
"काही नाही. चिर तू."
आणि ताटलीतला तो देठ
रुमालात गुंडाळून खिशात ठेवला,
सकाळी जबीनला द्यायला.