शिल्लक घोडे

अंबडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
जानेवारीत सकाळी सातला शटर उचललं
तर लोखंड तळव्याला चावतं.
निफाडला पारा पाचावर, पेपरात शेकोट्यांचे फोटो.
अशा हवेत कुठलंही इंजिन हुशार वाटतं.

प्रणित बोडके ओझरहून आला,
विमानांच्या कारखान्यातला टर्नर, मायक्रॉनमध्ये बोलणारा.
म्हणाला, मॅडम, दोनशे वीस पाहिजेत.
मित्रांना सांगून बसलोय.

गाडी रोलरवर घेतली, पट्टे आवळले,
ब्लॉकच्या बोल्टला तांब्याची नळी जोडली,
तिचं दुसरं टोक माझ्या कानात.
लॅपटॉपवर सगळं दिसतं, तरीही.
ही युसूफ मिस्त्रींची सवय.
द्वारकेच्या गॅरेजात ते सांगायचे,
पडदा नंतर बोलतो, बेटा, धातू आधी बोलतो.

एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
चार खोल्यांचं घर,
प्रत्येक खोलीत आपापल्या पाळीची आग.
आगीने पसरत जावं, कापराच्या ज्योतीसारखं.
एकदम फुटली की संपलं.

पॉइंट आठ बार. मग एक. मग एक पॉइंट एक.
दर फेरीनंतर थांबायचं, पंखा चालू ठेवायचा,
तेल निवू द्यायचं, प्लग काढून
भिंगाखाली पांढऱ्या चिनी मातीवर बघायचं,
मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके आहेत का.
प्रणित घड्याळ बघतो. मी प्लग बघते.
मिश्रण अकरा पूर्णांक सहा, त्याहून कोरडं नाही.
पेट्रोल थोडं वाया जातं, जाऊ दे.
ते जळण्यासाठी नसतं, थंड करण्यासाठी असतं.

एक पॉइंट दोनला आकडा आला: दोनशे वीस.
प्रणितने टाळी वाजवली.
मी नाही.
तिसऱ्या खोलीत, नळीच्या पार तळाशी,
पत्र्याच्या डब्यात एकच खडा हलावा
तसं काहीतरी झालं होतं.
पडद्यावर रेघ सरळ.

पुन्हा पळवली. पुन्हा तो खडा.

मग देवळीतला पिस्टन त्याच्या हातात दिला.
दसऱ्याला त्यातच उदबत्ती लावतो आम्ही.
त्याची कड एका बाजूने गेलेली,
लाडू चाखून ठेवून द्यावा तशी.
कोणाचा, त्याने विचारलं.
माझाच, म्हटलं. पहिल्या वर्षी.
गाडी गिऱ्हाईकाची होती, घाई माझी.

त्याने बोट फिरवलं त्या कडेवरून,
सवयीने, माप घेतल्यासारखं.

मी टायमिंग दोन अंश मागे घेतलं,
बूस्ट एकला आणून बांधला.
दोनशे सहा.
तो बोलला नाही. चौदा घोडे चोरल्यासारखा बघत राहिला.
मी म्हटलं, बाबा, जानेवारीला कोण भितं?
मी मे महिन्याचं ट्यूनिंग करते.
घाटात, एसी लावून, टँकरच्या मागे,
ज्या पंपाचं नाव आठवत नाही
तिथलं पेट्रोल पोटात असताना,
तुझी ही चार खोल्यांची वस्ती शाबूत राहिली पाहिजे.

पैसे दिले. बिलावर दोनशे सहा लिहिलेलं
त्याने घडी घालून आतल्या बाजूला ठेवलं.

मेच्या अठरा तारखेला दुपारी फोन.
कसाऱ्यात अडकलोय, बेचाळीस अंश,
मागे आई आहे, बहिणीची दोन पोरं आहेत.
मॅडम, चढावर एकदा टक्क झालं,
मग आपोआप गप्प झालं.
सुई कुठे आहे तापमानाची? मधोमध.
मग गप्प झालं ते बरं झालं. पाय हलका ठेव.

पलीकडे पोरं भांडत होती, हॉर्न वाजत होते.
मला वाटलं, आता आभार मानेल.
तो म्हणाला, ते चौदा अजून तुमच्याकडेच आहेत ना?
आहेत, म्हटलं.
मग थंडीत परत येऊ का एकदा?

नळी कानातून काढलेली, टेबलावर होती.
मी उचलून पुसली.
ये, म्हटलं. ऐकून बघू.