रेणू लांजेवार विरुद्ध

नातीनं दाखवलं, इथं नाव टाका आजोबा,
पैसे लागत नाहीत.
मी विचारलं, नकलेचा अर्ज? तिकीट?
स्वरूपा हसली. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
तिला काय ठाऊक, एका नकलेसाठी माणसं
भंडाऱ्याहून पहिल्या गाडीनं यायची
आणि खिडकी दोनला बंद व्हायची.

कूलरमध्ये पाणी भरलं. बसलो.
वेणू लांजेवार.
एकही निकाल सापडला नाही.
साल टाकलं, ब्याण्णव. खंडपीठ, नागपूर.
एकही निकाल सापडला नाही.

असं कसं? मीच तर बडवला होता तो,
अकरा पानं, तीन कार्बन, शुक्रवारी,
सिव्हिल लाइन्सची झाडं काळी पडेस्तोवर.
शाळेतली अंशकालीन परिचर. बावीस वर्षं
झाडू, पाणी, घंटा. पेन्शनसाठी मात्र
एक वर्षही धरायला कोणी तयार नव्हतं.
साहेबांनी धरली. सगळी बावीस.
व्हरांड्यात बाई मलाच विचारत होती,
"जिंकलो का जी आपण?"

रात्री अडीचला आठवलं
ते डोक्याला नाही, बोटाला.
व्ही आणि आर, दोन्ही डाव्या तर्जनीच्या वाट्याचे.
एक खाली, एक वर.
उठून रेणू टाकलं.

आली. डोळ्याचं पातं लवायच्या आत.
पहिल्याच पानावर रेणू,
शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं,
मुंगीएवढी.

खाली लिहिलेलं, या निकालाचा हवाला चौदा ठिकाणी.
एकेक उघडला. गोंदिया, पुसद, मूल,
कोणाकोणाची कापलेली वर्षं
रेणूनं परत मिळवून दिलेली.
आणि चौदाही ठिकाणी
माझी चूक जशीच्या तशी उतरवलेली, मानानं.

पण वेणूबाईंचं?
ट्रेझरीतला बाबू मी ओळखतो, म्हणजे ती जात ओळखतो.
सेवापुस्तकात वेणू, आदेशात रेणू,
नाव जुळत नाही, फाईल परत.
दुरुस्तीचा अर्ज शोधला, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव.
तेव्हाचे किरकोळ आदेश अजून चढवलेले नाहीत.

नवा हवाला आला तर कळवा, या चौकटीत खूण केली.
सकाळी स्वरूपा म्हणाली, रात्रभर काय शोधत होता?
म्हटलं, टाईप केलेलं वाचून पाहत होतो.

मंगळवारी फोन टुणकला. पंधरावी.
आर्वीची कोणी अंगणवाडीतली, जिंकली.
मी टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं
आणि खालच्या ओळीत आणलं.
पुन्हा आणलं.