शेकडा

आमच्या फडीवर शेकडा एकशे पाचांचा.
असं कुठं लिहिलेलं नाही.
मुन्शी झालेल्या माणसाला ते ठाऊक असतं,
दारात चपला कुठं काढायच्या ते ठाऊक असावं तसं.
वरचे पाच पुडे सुकतीचे, वाळवीचे, फाटक्या पानांचे.
सत्तर तेंदूपानांचा पुडा,
पस्तीस इकडे तोंड करून, पस्तीस तिकडे,
आणि असे पाच
माझ्या पेन्सिलीखाली नाहीसे होत.

तीन हंगाम मी मोजत गेलो
बोडीच्या कोरड्या पाळीवर, मेच्या उन्हात,
टोपीत ओलं फडकं घालून.
रविवारी पहिल्या बाकावर.
वर नवे पत्रे. ठेकेदारानं दिलेले.
उपासनेत ते तापून कडकड वाजायचे
आणि पाळकांना आवाज चढवावा लागायचा.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द
दृढीकरणाच्या वर्गात मला एका दमात कधी म्हणता आला नाही.
त्याच वर्षी मातामायच्या पारावरचं खोबरं खाल्लं होतं
आणि तीन रात्री जागा राहिलो,
पोटात निखारा ठेवल्यासारखा.
बाबा बांधीत होते, गुडघाभर चिखलात.
रोवण्याची पेंडी हातातच ठेवून म्हणाले,
"ते भेव होय, बाबू.
भेवाले आपलीच पडली राह्यते.
दुसरं एक असते, त्याले समोरच्याची पडते.
ते आलं का तुले समजन."
आणि पुन्हा वाकले.

ते आलं
झुनकी मडावीच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून.
तिनं शंभर पुडे उलटे मांडले, रांगेत,
मग पाच वेगळे काढून
पदरानं पुसून माझ्या पायाशी ठेवले.
"हे पाच तुह्या देवाचे नं, जी?"

मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून,
अजून सांगता येत नाही.
वहीत शंभर लिहिले.

रात्री पाळकांकडे गेलो.
भले गृहस्थ. चहा दिला, खुर्ची दिली.
म्हणाले, सिलास, रीतच आहे ती,
तुझ्या खिशात तर काही जात नाही.
म्हणाले, मंडळीत शांती राहू दे.
डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली
आणि मला त्या प्रार्थनेत
वरचे पत्रेच ऐकू येत राहिले.

मी स्वतःला उलटं टांगून पाहिलं.
हा ठेकेदारावरचा राग तर नाही?
पाळकांपेक्षा मोठं व्हायची हौस?
दोन्ही निघाले, थोडे थोडे,
धानात करपट निघावं तसे.
ते निवडून टाकले तरी
खाली काहीतरी उरलंच,
गप्प, हात जोडून नव्हे,
पाच पुडे पुढं करून बसलेलं.

दुसऱ्या दिवसापासून शेकडा शंभराचा.
ठेकेदार ओरडला नाही.
माझ्या कमिशनातून तूट कापली
आणि पुढच्या साली दुसरा मुन्शी आणणार म्हणाला.
आणेलही.

पण जुन्या तीन वह्यांचं काय?
कंदिलापाशी बसून पाच-पाच जोडत गेलो.
अर्ध्यावर नावं अशी लागली
की ती माणसंच आता नाहीत.
कुणाच्या अंगणात नेऊन टाकू?
देव क्षमा करतो, हे मला पाठ आहे.
बेरीज मात्र त्यानं पुसली नाही,
ती माझ्याच अक्षरात राहू दिली.

झुनकीला तिचे पाच परत केले.
वाटलं, हसेल.
तिनं पुडे उचलले,
मग माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, काळजीनं,
तापल्या पोराकडं पाहावं तसं.
"का झालं, जी?
तुह्या देवानं सोडलं का तुले?"

नाही, मी म्हणालो.
धरलं.

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.
ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.