काउंटर नंबर चार, रुवी

काचेला बोलण्यापुरती सात भोकं आहेत.
त्यांतून येतात पगार, घामाचा वास, नावांची स्पेलिंगं,
आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
शब्दांचे अर्थ विचारणारी माणसं.
मी कुडाळची, बीकॉम.
मला सगळं येतं असा त्यांचा समज.

बशीर पारकर विचारतो,
ताई, हा रियाल आपल्या रुपयासारखा
वरखाली का होत नाही?
मी म्हणते, मत्रहला होड्या बघतोस ना,
दोर बांधलेल्या?
खुंटा हलला तर होडी हलेल, एरवी नाही.
रियालचा खुंटा डॉलर.
आणि रुपया?
रुपयाला सोडलाय. पोहतो बिचारा.

बिचारा गटांगळ्या खायला लागला
की आमच्या दारात रांग.
फलकावर दोनशे सतराचे दोनशे एकोणीस झाले
की न बोलावता सगळे हजर,
अंगावर कामाचेच कपडे,
चेहऱ्यावर मात्र लग्नघरातलं काहीतरी.
एकदा न राहवून म्हटलं,
अहो, इथे दोन रुपये जास्त मिळाले,
पण तिकडे तेलाचा डबा, गॅस, सगळं चढणारच की.
यादय्या म्हणाला, चढू दे मॅडम,
आज तर आकडा मोठा जातोय.
त्याला मी महागाई समजावली नाही.
रांग फार होती.
आणि खरं सांगायचं तर
त्या दिवशी मीही भावाला पाठवले.

चक्रवाढ मात्र शिकवावी लागत नाही.
ती सगळ्यांना येते, कर्जाच्या बाजूने.
खोलीतल्या कुणाकडून शंभर घेतलेले,
महिन्याला दहा, चुकले तर दहावरही दहा:
हा हिशेब बोटांवर, पाढ्यापेक्षा पक्का.
तेच ठेवीच्या बाजूने सांगायला घ्या,
दरमहा पाच रियाल, पंधरा वर्षं,
समोरचा घड्याळ बघतो.
कॅम्पची बस साडेआठची.

म्हापणकर वेगळे.
वेंगुर्ल्यात त्यांचं दोन मजली घर, वरचा मजला कुलपात,
आणि इथे परतीच्या टॅक्सीला सुटे बैसे नाहीत.
मी म्हटलं, याला म्हणतात तरलता नसणं.
ते म्हणाले, आमच्याकडे याला
म्हापणकर असणं म्हणतात.

वेल्डर. बावीस वर्षं सोहारच्या रस्त्यावरच्या यार्डात.
डोळ्यांत थेंब घालूनच आलेले,
पावती हातभर लांब धरून वाचणारे.
त्या गुरुवारी तळहातावर पेनाने
एक शब्द लिहून आणला होता, अर्धा पुसलेला:
डेप्रिसिए...
साहेबांच्या टेबलावर हिशेबाचा कागद पडला होता, म्हणाले,
त्यात याच्यापुढे आकडा फार मोठा होता.

घसारा, मी म्हटलं.
म्हणजे घासतं ते?
घासतं, झिजतं ते.
यंत्र वापरून जेवढं झिजलं
तेवढी किंमत दरवर्षी वहीतून वजा करायची.
झिजल्याचा हिशेब ठेवतात?
ठेवतात. पैशापैशाचा.

मागून कुणीतरी नाणं आपटलं काउंटरवर.
म्हापणकर हलले नाहीत.
आमच्याकडे एक मशीन आहे, म्हणाले, निळं,
मी आलो त्याच वर्षी आलं.
त्याची किंमत आता काय असेल?
वहीत? बहुतेक शून्य.
पण चालतंय की ते.
चालू दे. वहीत शून्यच.

ते हसले. तळहात पँटीला पुसला.
मग चालतो आम्ही जोडीने, म्हणाले,
आणि पाठवायचे पैसे काचेखालून सरकवले,
नेहमीपेक्षा दहा रियाल कमी.
का, ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.

नऊला शटर अर्धं खाली.
मी गल्ला जुळवते.
एक रियाल दोनशे बैसे कमी आले त्या रात्री,
दोनदा मोजूनही.
नियम असा: कमी आले तर माझ्या पगारातून,
जास्त आले तर कंपनीचे.
रजिस्टरात पहिल्यासाठी रकाना आहे, शब्दही आहे, तूट.
दोन्ही मिळून याला काय म्हणतात
ते बीकॉमला नव्हतं.