जाळी

चाळीस वर्षं मी याब्लोनेत्समध्ये काचा बसवल्या,
शाळेच्या, दवाखान्याच्या,
आणि गारांनी फोडलेल्या चर्चच्या त्या एका खिडकीची.
तेव्हा घर बांधायचं तर काचेचंच,
यात विचार करण्यासारखं काय होतं?

सहा मिलीमीटर जाड, कडा घासलेल्या,
सांध्यांतलं सिलिकॉन नखालाही कळू नये असं.
क्व्येता म्हणाली, "माझ्यासाठी इतकं कधी घासलं नाहीस."
मग त्याला आत सोडलं.
तीन महिन्यांचा, करंगळीहून जरासा मोठा,
डोक्यावर टोपी नुकती उगवू लागलेली,
पंजे लोकरी मोज्यांसारखे,
दोन बोटं एकीकडे, तीन दुसरीकडे.
वंश येमेनच्या डोंगरातला, जन्म ओलोमोउत्सच्या
एका फ्लॅटमधला, चौथा मजला.
येमेन त्यानं पाहिलं नाही. मीही नाही.

रविवारच्या बाजारात तो वाटाण्याच्या कोवळ्या शेंगेसारखा होता,
म्हणून नाव वाटाणा.
घरी आला आणि मातकट झाला.
दुसऱ्या दिवशी काळे पट्टे.
तिसऱ्या दिवशी अंग चपटं करून, जबडा वासून
समोरच्या कोणावर तरी फिसकारला.
समोर कोणी नव्हतं.
समोर माझी काच होती, लख्ख पुसलेली.

सरडा रंग बदलतो म्हणून लोक त्याच्या नावानं
एकमेकांना शिव्या देतात.
मला तर इतकं खरं बोलणारं
घरात कोणी आठवत नाही.
मनात आलं की कातडीवर.

विकणाऱ्या बाईंना फोन लावला, ह्लावाचकोवा बाईंना.
"पाणी कशात देता?"
"वाटीत."
पलीकडे बराच वेळ शांतता.
"वाटीतलं पाणी तो पाणी म्हणून ओळखत नाही हो.
पानावरून ओघळलं तरच त्याच्यासाठी ते पाणी.
आणि हातात घेऊ नका.
तुम्हाला वाटतं, बोटाला बिलगतोय.
तो पडू नये म्हणून धरतो."
मग म्हणाल्या, "काच काढा."

मी फोन ठेवला.
सूप गार झालं, क्व्येतानं पुन्हा गरम केलं, पुन्हा झालं.

रादिमच्या गोदामातून जाळी आणली,
डास अडवायची, ॲल्युमिनियमची.
काचेनं मला गेल्या वीस वर्षांत कापलं नव्हतं,
जाळीनं पहिल्याच तासात तीनदा.
तिरकी चौकट, एका कोपऱ्यात फट,
कुणा शिकाऊ पोराचं काम असावं तसं.
आत फायकस, आडव्या फांद्या,
वर दिवा, बारा तास चालू, बारा तास बंद
(बाहेर डिसेंबर, तीन वाजताच अंधार,
सबंध गल्लीत फक्त त्याच्याकडे ऊन).
नाकतोड्यांवर कॅल्शियम भुरभुरवायचं,
क्व्येता डोनटवर पिठीसाखर टाकते तसं.
ती म्हणते, डबे अदलाबदल झाले तर
हाडं माझीच बळकट होतील.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, खरंच आहे.
पण कुंपणातून वारा तरी यावा.

पाचव्या सकाळी मी फवारा मारला आणि
मागे सरून स्टुलावर बसलो.
एक डोळा माझ्यावर,
दुसरा पानाच्या टोकावर लोंबणाऱ्या थेंबावर.
किती वेळ, सांगता येणार नाही.
गुडघा अवघडला, तरी हललो नाही.
मग एक पाय पुढे, मागे, पुन्हा पुढे,
जणू फांदीच वाऱ्यानं डुलतेय,
आणि थेंब गेला.
मग दुसरा.
तोंड वर करून, गिळताना डोळे आत ओढत,
तो पीत राहिला, आणि मानेपासून
हळूहळू हिरवं खाली उतरलं.
मी क्व्येताला हाक मारली नाही.
हाक मारली असती तर तो थांबला असता.

काचेचं घर आता वर्कशॉपमध्ये आहे.
त्यात नाकतोडे राहतात, गाजराच्या फोडी खातात.
रात्री बर्फ पडत असतं तेव्हा
सगळे मिळून किरकिर करतात,
आणि सांधे इतके घट्ट आहेत
की एकही अजून निसटलेला नाही.